टंग्स्टनच्या प्रिंटमधल्या भेगा जात नाहीत तेव्हा: लेझर पावडर बेडसाठी तपासणीचा क्रम

लक्षण ठरलेलं असतं. लेझर पावडर बेड मशीनवरून (पावडरचे पातळ थर लेझरने वितळवून भाग छापणारं यंत्र) १० मिमीचा टंग्स्टनचा ठोकळा निघतो. हाताला वजनदार, कडा नीट, आर्किमिडीज पद्धतीने मोजलेली घनता ९८ टक्क्यांच्या वर. तो कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आटलेल्या तळ्याच्या तळाला पडते तशी भेगांची जाळी दिसते. मग लेझरची पॉवर वाढवून होते, वेग कमी करून होतो, प्रत्येक थर दोनदा वितळवून होतो. घनता थोडी सुधारते. जाळी जागची हलत नाही.

या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी पॅरामीटरची आणखी मोठी मॅट्रिक्स छापायला घेतली जाते, आणि वेळ तिथेच वाया जातो. लेझरच्या सेटिंगने पोकळ्या जातात. भेगांची मुळं तीन आहेत: ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिक-कणांच्या) सीमेवर साचलेला ऑक्सिजन, थंड होताना अडकलेला ताण, आणि टंग्स्टन ज्या तापमानाखाली ठिसूळ होतो ते तापमान. यांना हात घालायचा तोही याच क्रमाने. आधी महागडा हीटर बसवला आणि गॅसची गळती तशीच राहिली, तर पैसे जातात आणि भेगा कधीकधी वाढतात. असं का होतं ते पुढे प्रीहीटच्या (बेड आधीच तापवण्याच्या) भागात येईल.

भेग नेमकी कधी उघडते

टंग्स्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळतो. लेझर पुढे सरकला की वितळलेली रेघ काही मिलिसेकंदांत शेकडो अंशांवर येते. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलं गेलं आहे: धातू गोठत असताना भेग पडत नाही. रेघ सुमारे ४५० ते ६५० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे साधारण १८० ते ३८० अंश सेल्सियसपर्यंत उतरली की उघडते. टंग्स्टन लवचिकपणा सोडून ठिसूळ होतो तो याच पट्ट्यात; या संक्रमणाच्या तापमानाला पुढे डीबीटीटी म्हणू. याचा व्यावहारिक अर्थ असा की निकेलच्या मिश्रधातूंतल्या गरम भेगांवरचे उपाय इथे उचलून लावता येत नाहीत. तिथे शेवटच्या द्रवाची पातळ फिल्म फाटते. इथे पूर्ण गोठलेला, पण ठिसूळ झालेला धातू तुटतो.

ताणाचा अंदाज कागदावर काढून पाहावा. लवचिकता गुणांक सुमारे ४०० गिगापास्कल, प्रसरण दर अंशाला दशलक्षांश ४.५ भाग. आकुंचन पूर्ण अडवलं तर १००० अंश थंड होताना गुणाकार १८०० मेगापास्कलवर जातो. धातू गरम असेपर्यंत थोडा वाहून यातला बराचसा ताण सोडतो. डीबीटीटीच्या खाली मात्र वाहणं बंद, आणि उरलेल्या ३०० अंशांतसुद्धा ५४० मेगापास्कल जमा होतात. एवढा ताण निर्मळ ग्रेनसीमा कदाचित पेलतील. ऑक्सिजनने पोखरलेल्या पेलत नाहीत. घन टंग्स्टनमध्ये ऑक्सिजन जवळजवळ विरघळतच नाही. गोठताना तो सीमेकडे ढकलला जातो आणि तिथे ऑक्साइड किंवा नॅनोमीटर आकाराची छिद्रं होऊन बसतो.

आधी भेग खरी आहे का ते पाहा

हा टप्पा हमखास गाळला जातो. वायर-कटने (तारेतून पडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी) कापलेल्या टंग्स्टनच्या पृष्ठभागावर ठिणग्यांमुळेच बारीक भेगा पडतात आणि त्या काही दशक मायक्रॉन आत जातात. कापलेला चेहरा थोडासा घासून पाहिला तर दिसणाऱ्या भेगा वायर-कटच्या की प्रिंटच्या, हे सांगता येत नाही. कापल्यावर निदान २०० मायक्रॉन ग्राइंडिंगने काढा. जोर कमी, पाणी भरपूर. त्यानंतर सिलिकॉन कार्बाइड कागद ३२०, ६००, १२००. मग डायमंड ९, ३, १ मायक्रॉन. शेवटी कोलॉइडल सिलिकावर व्हायब्रेटरी पॉलिश दोन ते चार तास.

उलटा धोकाही आहे. डायमंड पॉलिशमध्ये पृष्ठभागावरचा धातू पसरून भेगांची तोंडं बुजवतो आणि नमुना निर्दोष दिसतो. म्हणून पॉलिश, एचिंग (रसायनाने पृष्ठभाग किंचित खाणं), पुन्हा पॉलिश असा एक फेरा करावाच. एचिंगसाठी मुराकामी द्रावण: १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १०० मिलि पाणी, कापसाच्या बोळ्याने १० ते ३० सेकंद. हे द्रावण आम्लाच्या बाटल्यांजवळ ठेवू नका आणि आम्ल ओतलेल्या सिंकमध्ये टाकू नका. आम्लाशी गाठ पडली तर विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.

आर्किमिडीजवर भिस्त ठेवू नये. भेग मायक्रॉनहून बारीक असली तर तिचं आकारमान फारसं जाणवत नाही, आणि ती पृष्ठभागापर्यंत उघडी असली तर द्रव आत शिरतो आणि भेग हिशेबातून बाद होते. सीटी स्कॅनही इथे फारसा उपयोगाचा नाही. २०० केव्हीच्या आसपासचे किरण ५ मिमी टंग्स्टनमधून हजारात एकसुद्धा धड पार होत नाहीत, मग मायक्रॉनची भेग दिसायची कुठून? प्रिंट झालेल्या खरबरीत पृष्ठभागावर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) लावलं तर सगळीकडेच रंग दिसतो. कापणं, पॉलिश करणं आणि मोजणं, हाच भरवशाचा मार्ग.

मोजायचं ते असं: २०० पट मोठेपणावर पाच वेगवेगळ्या जागांचे फोटो, प्रत्येकावर भेगांची एकूण लांबी, भागिले क्षेत्रफळ. एकक मिमी प्रति चौरस मिमी. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आडवा छेद आणि उभा छेद यांचे आकडे वेगळे लिहा. हा आकडा हाती नसेल तर पुढचा कोणताही बदल उपयोगी पडला की नाही हे केवळ मत राहतं.

जाळीचा नकाशा आणि तुटलेला चेहरा

आडव्या छेदात जाळीच्या चौकटीची रुंदी मोजा. ती हॅच अंतराइतकी (लेझरच्या शेजारच्या दोन रेघांमधलं अंतर), म्हणजे ८० मायक्रॉन हॅचला ८० मायक्रॉनच्या आसपास निघाली, तर भेगा प्रत्येक रेघेच्या मधोमध पडताहेत. दोन्ही बाजूंनी वाढत आलेले ग्रेन तिथेच भेटतात आणि तीच सर्वांत कमजोर सीमा. दर थराला रेघांची दिशा ९० अंशांनी फिरवली तर ही जाळी बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. ६७ अंशांना विस्कटते, पण भेगांची एकूण लांबी फारशी घटत नाही.

भेग थरांना समांतर आणि लांब असेल, कडेपासून आत शिरत असेल, तर ते थर सुटणं आहे. कारण प्लेटमध्ये किंवा तळच्या थरांत शोधा. भेगेसारखं जे दिसतं त्याच्या कडा गोलाकार असतील आणि आत न वितळलेले गोल दाणे अडकलेले असतील, तर ती भेगच नाही, अपुरं वितळणं आहे. तिथे लेझरच्या सेटिंगकडे जावं. पॅरामीटरने सुटणारा प्रकार हाच एक.

यानंतरची चाचणी दहा मिनिटांची आणि सर्वांत बोलकी. पातळ नमुना वाकवून तोडा आणि तुटलेला चेहरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. चेहरा खडीसाखरेच्या खड्यांसारखा, गुळगुळीत पैलूंचा दिसला, तर तुटणं ग्रेनच्या सीमेवरून झालं. त्या पैलूंवर झूम करा. शेकडो नॅनोमीटरचे गोल खळगे किंवा ठिपके विखुरलेले दिसले की ऑक्सिजन हा पहिला आरोपी. पैलू स्वच्छ असतील, किंवा ग्रेन आरपार तुटून नदीच्या फाट्यांसारख्या रेषा दिसत असतील, तर ऑक्सिजन बऱ्यापैकी आटोक्यात आहे. मग वेळ ताण आणि तापमानावर खर्च करा.

पावडर

गोलाकार, प्लाझ्मातून काढलेली, १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर घ्या. हायड्रोजन-रिडक्शनची कोनेदार पावडर स्वस्त असते, पण ती नीट पसरत नाही आणि पृष्ठफळ जास्त म्हणून ऑक्सिजनही जास्त बाळगते. ऑर्डर देतानाच ऑक्सिजन १०० पीपीएमच्या खाली हवा असं लिहून द्या, आणि सर्टिफिकेटवर विसंबून न राहता प्रत्येक लॉटचा नमुना तपासून घ्या. तपासणी इनर्ट गॅस फ्यूजनने होते. टंग्स्टनचा वितळबिंदू इतका वर आहे की नमुन्यासोबत निकेल किंवा टिनचा फ्लक्स लागतो. तो नसेल तर ऑक्सिजन पूर्ण बाहेर येत नाही आणि आकडा फसवा, कमी येतो. प्रयोगशाळेला फ्लक्स वापरला का, हे विचारायला संकोच नको.

चार नमुने पाठवा: नवी पावडर, चाळलेली, वापरलेली, आणि छापलेला ठोकळा. चार आकडे शेजारी ठेवले की ऑक्सिजन कुठल्या टप्प्यावर शिरतोय ते समजतं. ठोकळ्यातला आकडा नव्या पावडरपेक्षा कमी आला तर बुचकळ्यात पडू नका. वितळलेल्या टंग्स्टनच्या तापमानाला ऑक्साइड वाफ होऊन उडतो आणि काही ऑक्सिजन त्यासोबत जातो. मात्र जो उरतो तो सगळा ग्रेनसीमेवर, त्यामुळे सरासरी आकडा छोटा असूनही घातक ठरतो.

व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर सहा तास ठेवल्याने फक्त ओल जाते, दाण्यावरचा ऑक्साइड जात नाही. तो काढायचा तर कोरड्या हायड्रोजनमध्ये ८०० ते १००० अंशांवर एक-दोन तास, गॅसचा दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली. पावडर थोडी गोळा होते, ती ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढावी. हायड्रोजन भट्टी स्वतःकडे नसेल तर घरी जुगाड करू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून करून घ्या. साठवण आर्गॉन भरलेल्या सीलबंद डब्यात. पावसाळ्यात पुण्या-ठाण्याच्या शेडमध्ये डबा तासभर उघडा राहिला की कोरडं करण्याची मेहनत पाण्यात.

चेंबर: पडद्यावरचा आकडा आणि खरी हवा

मशीन १००० पीपीएम ऑक्सिजनला प्रिंट सुरू करू देतं, कारण ती मर्यादा स्टीलसाठी ठेवलेली असते. टंग्स्टनला ५० पीपीएमच्या खाली जाऊन तिथे टिकलं पाहिजे. आर्गॉन ९९.९९९ टक्के शुद्धतेचा. सिलिंडरपासून मशीनपर्यंत प्लास्टिकची नळी असेल तर ती बदलून स्टेनलेस स्टीलची टाका. पॉलियुरेथेन आणि सिलिकॉनच्या नळ्यांतून पाण्याची वाफ आत झिरपते.

सेन्सर कुठे बसवलाय ते पाहा. आर्गॉन हवेपेक्षा जड, त्यामुळे उरलेली हवा चेंबरच्या वरच्या भागात अडकते. सेन्सर खाली, परतीच्या गॅस मार्गात असेल तर तो खुशाल २० दाखवेल. झिरकोनिया सेन्सरची आणखी एक गंमत आहे. काच पुसायला वापरलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ चेंबरमध्ये राहिली तर गरम सेन्सरवर ती जळते, आसपासचा ऑक्सिजन खाते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पुसल्यावर अर्धा तास थांबून मगच पर्ज (आर्गॉन सोडून हवा बाहेर ढकलणं) सुरू करावा.

गळती पकडायची सोपी रीत: ऑक्सिजन स्थिर झाला की पर्ज बंद करून दहा मिनिटं पडद्याकडे पाहत बसा. आकडा दहा पीपीएमहून जास्त चढला तर गळती शोधा. हा कामचलाऊ निकष आहे, पण उपयोगी पडतो. संशयितांची यादी छोटी आहे: ग्लव्हच्या कडेची ओ-रिंग, ओव्हरफ्लो बाटलीचा क्लॅम्प, फिल्टरचं झाकण, पिस्टनभोवतीचं फेल्ट. फिल्टर बदलला असेल तर त्याच्या घरातली हवा पहिल्या तासाभरात चेंबरमध्ये येते.

काजळीचा रंगही वाचता येतो. प्रिंट संपल्यावर दार उघडण्याआधी काचेतूनच भिंतींवरचा थर बघा. काळा-करडा असेल तर ठीक. निळसर झाक म्हणजे अर्धवट ऑक्साइड. पिवळट दिसला तर टंग्स्टन ट्रायऑक्साइड, म्हणजे चेंबरमध्ये ऑक्सिजन भरपूर होता. दार उघडून बाहेरची हवा लागल्यावर रंग बदलू शकतो, तेव्हाच्या निरीक्षणाला अर्थ नाही. हीच काजळी साफ करताना जपून. इतक्या बारीक धातूच्या धुळीला हवेत आपोआप पेट घेण्याची खोड असते, म्हणून फिल्टर कोरडा उघडू नये आणि धातूच्या आगीसाठीचा डी वर्गाचा अग्निशामक हाताशी ठेवावा.

प्लेट आणि वजन

स्टीलच्या प्लेटवर टंग्स्टन छापणं म्हणजे पहिल्या थरापासून भांडण. लोखंड सुमारे २८६० अंशांना उकळतं, टंग्स्टन ३४२२ला वितळतो. म्हणजे टंग्स्टन वितळेपर्यंत खालच्या स्टीलची वाफ होऊन पावडर उडते. जे मिसळतं त्यातून लोह-टंग्स्टनचे ठिसूळ आंतरधात्विक संयुग बनतात. वर प्रसरणाचा फरक: स्टील १२, टंग्स्टन ४.५. मॉलिब्डेनमचं प्रसरण पाचच्या आसपास, यंत्रावर कापणं-घडवणं सोपं, आणि भाव टंग्स्टन प्लेटपेक्षा परवडणारा. सुरुवातीला तीच घ्यावी. टंग्स्टन प्लेट घेतली तर लक्षात ठेवा की खोलीच्या तापमानाला ती स्वतःच ठिसूळ असते. बोल्ट आवळताना कोपरा उडतो. भोकं न पाडता कडेने स्टीलच्या चौकटीत धरा.

वजनाचा हिशेब प्रिंट लावण्याआधी करा. २५० × २५० × २५ मिमीची टंग्स्टन प्लेट ३० किलो. त्यावर १०० मिमी उंचीची पावडर, लिटरला ११ किलो धरली तरी ६९ किलो. शंभर किलोच्या घरातला हा भार पिस्टनला पेलतो का, हे मशीनच्या कागदपत्रांत पाहा. पेलला नाही तर स्टेप चुकतात, थर असमान पडतो आणि थर सुटण्याच्या भेगा येतात, ज्याचा दोष मग लेझरवर जातो. छोट्या कामासाठी १०० मिमी व्यासाचा रिड्यूसर (बेड लहान करणारा जोड) बसवणं शहाणपणाचं.

लेझर: इथे फार रेंगाळू नका

थर ३० मायक्रॉन, पॉवर ३५० वॅट, वेग ३०० मिमी प्रति सेकंद, हॅच ८० मायक्रॉन, ही चांगली सुरुवात. ऊर्जा घनता: ३५० भागिले (३०० × ०.०८ × ०.०३), म्हणजे घन मिमीला सुमारे ४८६ जूल. स्टीलला ६० ते १०० पुरतात. पण हाच आकडा १७५ वॅट आणि १५० मिमी प्रति सेकंदालाही येतो आणि तिथे नीट वितळत नाही, कारण टंग्स्टन उष्णता लगेच बाजूला वाहून नेतो. पॉवर आधी, वेग नंतर.

आधी ठोकळे नकोत, रेघा छापा. पसरलेल्या एका थरावर १० मिमीच्या रेघा. २५०, ३००, ३५०, ४०० वॅट आणि १०० पासून ८०० मिमी प्रति सेकंदापर्यंत सहा वेग. रेघेचा आडवा छेद घेऊन वितळण्याची खोली थराच्या दीडपट ते दुप्पट भरते का पाहा. रेघ मण्यांच्या माळेसारखी तुटक झाली असेल तर वेग जास्त किंवा पृष्ठभागावर ऑक्साइड. रेघ अखंड असूनही तिच्यावर आडव्या भेगा दिसतील. त्या या टप्प्यावर मोजून ठेवा, घालवायच्या मागे लागू नका.

आयलंड पद्धतीबद्दल, म्हणजे थर छोट्या चौकोनांत वाटून छापण्याबद्दल, बरीच आशा बाळगली जाते. ५ मिमीच्या चौकोनांनी संपूर्ण भागाचा वाक कमी होतो, हे खरं. पण टंग्स्टनची भेग वितळलेल्या डबक्याच्या मापाची, शंभर मायक्रॉनच्या आसपासची गोष्ट आहे. त्या मापावर चौकोन ५ मिमीचा की ५० चा, याने फारसं बिघडत नाही. उलट चौकोनांच्या शिवणीवर जादा भेगा येतात. थर दोनदा वितळवल्याने पृष्ठभाग सपाट होतो, पोकळ्या घटतात, आणि भेगेवरून लेझर फिरला की ती क्षणभर मिटून थंड होताना तिथेच पुन्हा उघडते.

प्रीहीट: ऑक्सिजन आटोक्यात आल्यावरच

बहुतेक मशीनचा २०० अंशांचा हीटर टंग्स्टनला डीबीटीटीच्या उंबऱ्यावर आणून सोडतो. भेगा थोड्या कमी होतात, इतकंच. ४०० ते ५०० अंशांना फरक डोळ्यांना दिसतो. जर्मनीत गार्चिंग-ऑग्सबर्गच्या कामात १००० अंशांपर्यंत तापवलेल्या प्लेटवर शुद्ध टंग्स्टन लेझरने छापून पाहिला गेला, तेव्हा भेगा घटल्या, पण समूळ गेल्या नाहीत. इलेक्ट्रॉन बीम मशीनवर मात्र १००० अंशांच्या वरच्या बेडवर निर्भेग टंग्स्टन निघतो. तिथे निर्वातात ऑक्सिजन नगण्य असतो आणि संपूर्ण बेड शेवटपर्यंत डीबीटीटीच्या खूप वर राहतो. पहिल्या दोन मुळांपैकी एक जरी राहिलं तरी काय होतं, ते या दोन निकालांत दिसतं.

आता क्रम उलटा केला तर भेगा का वाढतात ते. ८०० अंशांवर तासन्‌तास पडून असलेल्या पावडरवर चेंबरमधला ५० पीपीएम ऑक्सिजन सतत काम करत असतो. थंड बेडवर चाललेली गळती गरम बेडवर प्रत्येक दाण्याला ऑक्साइडचा लेप देते. शिवाय हीटर तापताना इन्सुलेशन आणि पावडर यांतली ओल बाहेर पडते आणि ऑक्सिजनचा आकडा एकदम उसळतो. तो परत खाली येऊन तासभर स्थिर राहिल्याशिवाय लेझर सुरू करू नका.

तापमान मोजायचं ते प्लेटच्या खाली नाही, वरच्या थराजवळ. प्लेटमध्ये के-प्रकारचं थर्मोकपल आणि वरून पायरोमीटर (तप्त पृष्ठभागाच्या किरणांवरून तापमान सांगणारं यंत्र), दोन्ही पाहिजेत. एक मायक्रॉन तरंगलांबीला चकचकीत टंग्स्टनची उत्सर्जकता (किरण सोडण्याचं प्रमाण) साधारण ०.४ असते, पायरोमीटर १ वर ठेवून घेतलेला आकडा खऱ्यापेक्षा बराच खाली येतो. प्रिंट संपली की हीटर एकदम बंद न करता मिनिटाला दोन-तीन अंशांनी उतरवा, कारण संपूर्ण भाग आता एकत्र डीबीटीटी ओलांडणार आहे. प्लेट १०० अंशांखाली येईपर्यंत आर्गॉन चालू ठेवा.

धातूतच बदल

एवढं करूनही भेगा मोजण्याइतक्या राहिल्या तर मिश्रधातू. रेनियम टंग्स्टनला खरोखर लवचिक करतो, पण त्याची किंमत ऐकून बहुतेक प्रकल्प तिथेच थांबतात. ५ ते १० टक्के टँटलम ऑक्सिजन स्वतःकडे ओढतं आणि भेगा कमी करतं, घनता १६.६, टंग्स्टनच्या १९.३च्या जवळ, म्हणून मिसळलेली पावडर हॉपरमध्ये फारशी वेगळी होत नाही. झिरकोनियम किंवा टँटलम कार्बाइड अर्धा ते एक टक्का घातल्याने ग्रेन बारीक होतात आणि ऑक्सिजन बांधला जातो. मिश्रण टर्ब्युला मिक्सरमध्ये. पोलादी गोळ्यांच्या बॉल मिलमध्ये केलं तर लोखंड आत येतं.

एका सापळ्यापासून सावध. टंग्स्टन-निकेल-लोह हा जड मिश्रधातू भेगांविना सहज छापला जातो आणि विक्रेते तोच उपाय म्हणून पुढे करतात. त्यातला निकेल-लोहाचा बाइंडर १५०० अंशांच्या आत वितळतो. किरणांची ढाल किंवा वजनं यांसाठी उत्तम. नोझल किंवा भट्टीच्या भागासाठी तो टंग्स्टन नव्हेच.

हिपने (तापवून चहूबाजूंनी गॅसचा दाब देण्याच्या प्रक्रियेने) भेगा बुजवण्याचा विचार असेल तर दोन अडचणी. पृष्ठभागाला उघडी असलेली भेग हिपमध्ये मिटत नाही, दाबाचा गॅस सरळ आत शिरतो. आणि स्टील-टायटेनियमसाठी चालणाऱ्या १२०० अंशांच्या आसपासच्या सायकलला टंग्स्टन दाद देत नाही. त्याला १६०० अंश आणि वर लागतात, तशी भट्टी सहज मिळत नाही.

मॉलिब्डेनमची दुखणी तीच, फक्त सौम्य, म्हणून सराव त्यावर करणं स्वस्त पडतं. ऑस्ट्रियात प्लान्झे कंपनी आणि इन्सब्रुक विद्यापीठ यांच्या कामात ०.४५ टक्के कार्बन मिसळून, ८०० अंशांच्या बेडवर, निर्भेग मॉलिब्डेनम निघालं. कार्बन ऑक्सिजनला ग्रेनसीमेवरून हटवतो आणि कार्बाइडचं बारीक जाळं तिथे जागा घेतं. इतकं नेमकं यश पाहून टंग्स्टनमध्ये तोच आकडा जसाच्या तसा टाकायचा मोह होतो. आधी रेघांवर तपासा.

शेवटी मूळ गरजेकडे परत पाहायला हरकत नाही. भागाचं कामाचं तापमान १४०० अंशांच्या आत असेल तर टंग्स्टनचा हट्ट कशाला? नायोबियमचा सी-१०३ मिश्रधातू, १० टक्के हाफ्नियम आणि १ टक्का टायटेनियमवाला, घनता फक्त ८.८५, लेझरवर भेगांशिवाय छापला जातो. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातल्या जुळ्या इंजिनांची नोझल याच कोलंबियम (नायोबियमचं जुनं नाव) मिश्रधातूची बनवली गेली आहेत. त्याची समस्या वेगळी: भेग पडत नाही, पण ऑक्सिजन शोषून भाग आतून ठिसूळ होत जातो आणि ते तन्यता चाचणीतच कळतं. त्यामुळे वापरलेल्या पावडरचा ऑक्सिजन दर प्रिंटला मोजायचा, २५० पीपीएमच्या वर गेली की बाजूला काढायची. उष्मोपचार उच्च निर्वातात, भाग नायोबियम किंवा टँटलमच्या फॉइलमध्ये गुंडाळून. आणि हवेशी संबंध येणार असेल तर सिलिकॉन-क्रोमियम-लोहाचा सिलिसाइड लेप हवाच. तो स्लरीने लावला जातो, म्हणून शीतन नलिका दोन्ही टोकांना उघड्या आणि स्लरी वाहून जाईल इतक्या रुंद ठेवाव्या लागतात. बंद टोकाच्या नलिकेत स्लरी साचते, भाजल्यावर तिथे जाड, तडकलेला लेप तयार होतो, आणि कोपऱ्यात मात्र उघडा नायोबियम राहतो.